ताटातलं नाव

त्या सहीतला एस हरीशचा होता. दुसऱ्याच्या सहीत आपलं अक्षर सापडावं, ही काय भानगड! त्याला आधी वाटलं, घाईत आपणच चुकीच्या कागदावर सही ठोकली की काय. पोट पुढे काढून उभा असलेला, खालचं शेपूट जिलबीसारखं आत वळवलेला तो एस हरीशच्या वडिलांचा, म्हणजे पुण्यातल्या एका शाळामास्तराचा. वडिलांकडून तो हरीशकडे आला आणि हरीशनं तो आयुष्यात फक्त एका माणसाला शिकवला. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. कागदावर सही होती एस. आर. पिसाळ. दोन्ही टिंबं दाबून, जाड काढलेली. 'टिंब म्हणजे थांबणं, वहिनी, नीट थांबा,' असं तोच सांगायचा. शुक्रवारची दुपार होती, डिसेंबरातली. जेवणानंतर निम्मं ऑफिस हिरवळीवर उन्हात मुळे आणि पेरू खात बसलं होतं. हरीशच्या चहावर साय धरली.

काम साधं होतं, म्हणजे नऊ वर्षं तो ते साधंच समजत आला होता. यमुनेच्या काठाजवळ सरकारचं नवं अभिलेख भवन उभं राहणार होतं. त्यावर किती खर्च करायचा आणि माल कुणाचा घ्यायचा, हे ठरवायला लोकप्रतिनिधींची समिती. समितीवर बसणाऱ्यानं आधी लिहून द्यायचं, की पुरवठादारांपैकी कुणाशी माझा, माझ्या पत्नीचा, माझ्या मुलांचा पैशाचा संबंध नाही. ही निवेदनं एका बाजूला आणि पुरवठादार कंपन्यांच्या भागीदारांची यादी दुसऱ्या बाजूला ठेवून हरीश बोकील डोळ्यांत तेल घालून नावं जुळवायचा. जुळलं तर टिपणी लिहायची. नाही जुळलं तर खाली एक ओळ, 'हितसंबंध आढळला नाही', आणि सही. सोळा सभासद, सहा कंपन्या. भाऊसाहेब आगवण्यांच्या निवेदनात स्वच्छ लिहिलं होतं, पत्नी सौ. कुसुमावती भाऊसाहेब आगवणे. दगड पुरवणाऱ्या गुडगावच्या कंपनीची भागीदार होती सुमित्रा रंगनाथ पिसाळ. जुळतंय कुठे? माथुरसाहेब दारातून डोकावले. "बोकील जी, मंडे को फाइल ऊपर जानी है. सब मैच हो गया न?" हरीश म्हणाला, "बस, थोडा बाकी है, सर." माथुरसाहेब हसले. "अरे, आपके महाराष्ट्रवाले तो साफ-सुथरे लोग हैं." आणि पान खायला निघून गेले. माथुरांनी दुर्बीण लावली असती तरी त्यांना दिसलं नसतं. त्यांच्या घरी सून येते ती आपलं नाव घेऊन येते. लग्नाच्या दिवशी बाईचं जन्माचं नाव ताटात पुसून टाकतात आणि दुसरं लिहितात, हे त्या मजल्यावर एकट्या हरीशला माहीत होतं.

बहात्तर सालच्या हिवाळ्यात तो दिल्लीला उतरला तेव्हा त्याच्याकडे एक वळकटी होती, नेमणुकीचं पत्र होतं आणि मामानं भाऊसाहेबांना लिहिलेली चिठ्ठी होती. त्या काळी दिल्लीत आलेला मराठी पोरगा आणखी कुणाकडे जाणार? गॅस हवा, खासदार. रिझर्व्हेशन हवं, खासदार. राहायला जागा नाही, खासदाराच्या गॅरेजवरची खोली. भाऊसाहेबांनी चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही. "जेवलास का?" म्हणाले. तिथून पुढे तीन हिवाळे हरीश नॉर्थ अव्हेन्यूला त्या गॅरेजवर राहिला आणि वहिनींच्या हातचं जेवला. वहिनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी, त्याच्याहून सहाच वर्षांनी मोठ्या. गावाहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या ट्रंकेत ज्वारीचं पीठ मागवायच्या आणि दिल्लीच्या थंडीत गरम भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवून म्हणायच्या, "खा रे, तुझ्या पुण्यात असलं लोणी मिळत नाही." खरंच नव्हतं मिळत. आजही, इतकी हॉटेलं झाली, जगातला हर एक पदार्थ दक्षिण दिल्लीत मिळायला लागला, पण डिसेंबरात ऊन पाठीवर आलं की हरीशला ती भाकरी आठवते आणि जीव अगदी कासावीस होतो. आणि भाऊसाहेब! तेव्हाचे भाऊसाहेब स्वतःचं धोतर स्वतः धुवायचे. सरकारी खात्यानं एकदा घरात नवा गालिचा आणून टाकला, तर यांनी तो स्वतः गुंडाळून खांद्यावर घेतला आणि गेटवर नेऊन ठेवला. "तळं राखील तो पाणी चाखील, असं म्हणतात लोक," ते म्हणाले होते. "ही म्हण मोडायला तर आपण आलो, हरीश." बावीस वर्षांच्या हरीशच्या अंगावर काटा आला होता. तो काटा खोटा नव्हता, हे तो आज कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेल. माणूस खराच होता. मग तो केव्हा, कुठल्या बुधवारी किंवा गुरुवारी बदलला? असा एखादा दिवस असतो का?

दुसऱ्या हिवाळ्यात वहिनींची आई आली होती. म्हातारी बाहेर ओट्यावर लसूण सोलत बसायची आणि आत हाक मारायची, "सुमे, अगं सुमे!" हरीशला वाटलं, कामाला कुणी नवी पोरगी ठेवली. "वहिनी, सुमी कोण?" वहिनी शेंगा फोडत होत्या. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. "मी." मग हसल्या. "मी सुमित्रा रे. लग्नात हे झालं, कुसुमावती. मला कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं लिहिलं, भटजींनी वाचलं, टाळ्या झाल्या. मी मान वाकडी करून बघितलं तेव्हा कळलं, की मी आता ही." हरीशनं विचारलं, "रडू नाही आलं?" "येणार कसं? तोंडात पेढा कोंबला होता."

त्या पेढ्यावर दोघं पोट धरून हसले होते, आणि हसता हसता वहिनी एकदम म्हणाल्या, "मला मॅट्रिक व्हायचंय." बत्तिसाव्या वर्षापर्यंत तरी व्हायचंय, म्हणाल्या. सातवीला त्यांचा नंबर पहिला आला होता. मग रोज दुपारी, भाऊसाहेब सभागृहात आणि हरीश ऑफिसातून तासभर पळून आलेला, अशी शाळा भरायची. बीजगणित वहिनींना पाण्यासारखं सोपं जायचं, इंग्रजीनं मात्र घाम फोडला. हरीशनं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एस काढून दिला. वहिनींनी त्याच्या शेजारी शंभर एस काढले. पण फॉर्म भरताना अडलं. सातवीचा दाखला सुमित्रा रंगनाथ पिसाळचा आणि बाई कुसुमावती आगवणे. कारकून ऐकेना. तेव्हा हरीश वहिनींना बसनं तीस हजारीला घेऊन गेला. कोर्टाबाहेर झाडाखाली एक टंकलेखक बसायचा, त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र करवलं, की वरील दोन्ही नावं एकाच स्त्रीची आहेत. साक्षीदार, हरीश दत्तात्रय बोकील. दोन प्रती केल्या. एक वहिनींची, एक त्याची, कारण वहिनी म्हणाल्या, "माझ्याकडून हरवली तर? मग मी कोण, ते कोण सांगेल?" टंकलेखकाचं यंत्र जुनं होतं, प्रत्येक ओळीत एखादं अक्षर वर उडी मारायचं. परत येताना वहिनींनी बसमध्ये तो कागद चार वेळा उघडून वाचला.

आणि परीक्षेचा दिवस. करोल बागेतल्या शाळेच्या व्हरांड्यात पोरींचा कालवा चाललेला, आणि त्यात नऊवारीतल्या वहिनी, हातात पेन्सिलींचा डबा. शिपाई दारात उभा राहून नावं पुकारत होता. "सुमित्रा!" कुणी हललं नाही. "सुमित्रा पिसाळ!" वहिनी मान वळवून इकडेतिकडे बघत होत्या, कोण बाई ही, जात का नाही आत, असा चेहरा करून. तिसऱ्या हाकेला हरीश गेटवरून ओरडला, "वहिनी, अहो तुम्हीच!" केवढ्या दचकल्या होत्या! मग गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग हसल्या, आणि पदर खोचून आत गेल्या. पास झाल्या दुसऱ्या वर्गात. भाऊसाहेबांनी पेढे वाटले, आणि पेढे देताना सगळ्यांना सांगितलं, "आमची कुसुम मॅट्रिक झाली." प्रमाणपत्रावर ती कुसुम नव्हती. पण ते कुणी कशाला वाचतंय?

हा सगळा पंचवीस वर्षांमागचा उन्हाळा-हिवाळा घेऊन हरीश संध्याकाळी चार्टर्ड बसमध्ये बसला. बस यमुनेच्या पुलावर रखडली होती. पलीकडे, जिथे तो पहिल्यांदा आला तेव्हा काकड्यांची आणि टरबुजांची शेतं होती, तिथे आता सोसायट्यांच्या खिडक्या उजळत होत्या. त्यातली एक त्याची. पुलावर मोठाल्या पाट्या, रंगीत टीव्हीच्या, शीतपेयांच्या, 'गुडगावमध्ये आपलं स्वप्नातलं घर' म्हणणाऱ्या. भाऊसाहेबांचं स्वप्नातलं घर तिकडेच झालं होतं. दोन वर्षांपूर्वी वास्तुशांतीला तो गेला होता. काय तो जिना, काय ते खांब! सगळा गुळगुळीत दगड, पाय ठेवायला भीती वाटेल असा. वहिनी त्या दगडावर पाय आखडून चालत होत्या. त्यांनी त्याला कोपऱ्यात ओढून ताटात भाकरी वाढली होती, केटरिंगवाल्याच्या पनीरकडे पाठ करून. त्या घरचं खाल्लेलं मीठ आता घशाशी आलं. एक ओळ, 'हितसंबंध आढळला नाही', आणि ती ओळ खोटीही नव्हती, कागदाला कागद लावून बघा, कुठे जुळतोय? कायद्यात बसतंय, साहेबांना चालतंय, तुला का चावतंय रे, बोकील? पण चावत होतं. आणि जास्त चावत होतं ते हे, की हे नाव त्यानंच जिवंत केलं होतं. तो कागद नसता तर प्रमाणपत्र नसतं, प्रमाणपत्र नसतं तर सुमित्रा पिसाळ नावाची कुणी बाईच सरकारदरबारी नसती, भागीदार कुठून होणार? त्यानं एका बाईला तिचं नाव परत मिळवून दिलं आणि कुणीतरी त्या नावाची पिशवी केली. हरीशला इतका राग आला, की शेजारच्या माणसानं विचारलं, "तबीयत ठीक है न?"

शनिवारी सकाळी त्यानं माळ्यावरची ट्रंक खाली काढली. गच्चीसारख्या त्यांच्या बाल्कनीत ऊन होतं. त्याची बायको रेवती मटार सोलत होती, आणि मुलगी पूर्वी बारावीचं पुस्तक उघडं टाकून सालांतले दाणे खात होती. कागद सापडला, एका जुन्या पंचांगात. चार घड्या, आणि घडीवर विरलेला. हरीशनं दोघींना सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगणं भागच होतं. पूर्वीचा घास थांबला. "बाबा, सीरियसली? सरनेम नाही, पूर्ण नावच चेंज? असं कोण करतं यार?" "करत असत," हरीश म्हणाला. "पूर्वी." रेवती शेंग फोडता फोडता म्हणाली, "पूर्वी काय पूर्वी! शहात्तर साल म्हणजे काय पेशवाई होती?" पूर्वीनं आईकडे बघितलं. "आई, तुझं पण?" "प्रमोदिनी," रेवती म्हणाली. "प्रमोदिनी वामन केतकर. आता ते नाव फक्त माझ्या शाळेच्या दाखल्याला माहीत आहे." तिनं दाणे वाटीत टाकले. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मटार महाग झाले, असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

हरीश ट्रंकेपाशी तसाच उकिडवा बसून राहिला. शहात्तर साल, म्हणजे वहिनींच्या पेढ्यानंतर तीन वर्षं. तीस हजारीच्या झाडाखालून आल्यानंतर दोन. त्याच्या स्वतःच्या लग्नात ताट समोर आलं, तांदूळ पसरलेले, आणि त्यानं, ह्या हरीश बोकीलनं, अंगठी धरून रेवती लिहिलं. वहिनी त्या मांडवात होत्या! पहिल्या रांगेत, जरीच्या लुगड्यात. त्या क्षणी त्याला काहीही आठवलं नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते आणि त्याला भूक लागली होती. "मी तुला विचारलंच नाही," तो म्हणाला. रेवती हसली. "तू काय विचारणार? तुझ्या आईनं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, तू बघून उतरवलंस. कारकून तो कारकून." पूर्वी खो खो हसली. हरीशला हसू आलं नाही. रेवतीनं सालांचा ढीग कागदावर ओढला आणि मग एकदम, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणतोस ना? जाग की. पण ते मीठ वाढलं कुणी ते बघ. तिनं का त्यांनी?"

रविवारी अकराच्या सुमारास भाऊसाहेब मतदारसंघात असणार हे धरून त्यानं गुडगावला फोन लावला. घंटा वाजत असताना त्याला सुचलं, आणि सुचल्याबरोबर त्याची त्यालाच लाज वाटली, पण नऊ वर्षांची सवय जाते कुठे. पडताळणी ती पडताळणी. तिकडून "हॅलो" आलं तसा तो म्हणाला, "सुमित्राबाई पिसाळ आहेत का?"

"मीच बोलतेय," वहिनी म्हणाल्या. एक श्वाससुद्धा मध्ये गेला नाही. तिसऱ्या हाकेचं सोडा, पहिल्याच हाकेला ओ! मग हसणं आलं, तेच शेंगा फोडतानाचं. "हरीश ना रे तू? आवाज चोरायला येत नाही अजून. थंडी काय म्हणते तिकडे?" "वहिनी," तो म्हणाला, "तुमची सही आली माझ्या टेबलावर. एस बघून ओळखली." तिकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, आणि वहिनींनी ती होऊ दिली. "अडीच वर्षं झाली त्याला," त्या म्हणाल्या. "मी कढी ढवळत होते. ह्यांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन हाक मारली, सुमित्रा. अरे, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा! मला वाटलं, मागे कुणी उभं आहे. म्हटलं, मला का? तर म्हणाले, तूच ना सुमित्रा, ये, जरा सही कर. कढी तशीच टाकून गेले मी, आनंदानं. इतकी वेडी मी. कागद कसला तेही धड बघितलं नाही. नाव तेवढं वाचलं. छापलेलं होतं, छान." "नंतर कळलं?" "नंतर घराला दगड लागला तेव्हा कळलं. मॅट्रिक झालेली बाई आहे मी, हरीश." त्या थांबल्या. "त्यानंतर ह्यांनी त्या नावानं परत हाक मारली नाही. लागेल तेवढ्यापुरती होती."

मग त्याच म्हणाल्या, "तीस हजारीचा माझा कागद ह्यांनी गेल्या महिन्यात मागून घेतला. परत दिला नाही. विचारत होते, हरीशकडे दुसरी प्रत असेल का." हरीशनं विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?" "म्हटलं, पंचवीस वर्षं कोण ठेवतंय असले कागद." भाऊसाहेबांच्या घरात ही बाई कधी खोटं बोलली नव्हती. हरीशनं डोळे मिटले. "वहिनी, मी तो कागद फाईलला लावला तर चौकशी होईल. पेपरात येईल. तुम्हालाही बोलावतील. नाही लावला तर कुणाला काही कळणार नाही. तुम्ही सांगा." "मी काय सांगू? भाऊसाहेबांची बायको आहे मी," त्या म्हणाल्या. कुकरची दुसरी शिट्टी झाली. "बोलावतील तेव्हा कुठल्या नावानं पुकारतील रे?" हरीश म्हणाला, "कागदावर आहे त्या." आणि मग वहिनी, भाकरी वाढतानाच्या आवाजात म्हणाल्या, "घड्या जपून उलगड. माझा मधोमध विरला होता, तुझाही विरला असेल." फोन ठेवताना त्या रडत होत्या की नाही, हे त्याला कळलं नाही. त्याच्या मात्र डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यानं ते पुसलं नाही.

दुपारी जेवणाच्या टेबलावर त्यानं टिपणी लिहिली. सभासद श्री. भाऊसाहेब आगवणे यांच्या पत्नी आणि कंपनीच्या भागीदार सुमित्रा रंगनाथ पिसाळ ही एकच व्यक्ती असून, पुरावा सोबत जोडला आहे. या पुराव्यावर प्रस्तुत टिपणी लिहिणारा स्वतः साक्षीदार आहे व त्यानं तीन वर्षं सदर सभासदांचं अन्न खाल्लं आहे, हेही नमूद करण्यात येत आहे. शेवटचं वाक्य माथुरसाहेब खोडतील, त्याला माहीत होतं. खोडोत. खाली त्यानं सही केली आणि मग विरलेला कागद उलगडला. दोन हातांनी तो सांभाळेना. पाठीमागे पातळ कागद चिकटवायचा तर एकानं टोकं धरायला हवी होती. आत नळ चालू होता, भांडी वाजत होती.

"प्रमोदिनी," त्यानं हाक मारली. भांडी वाजत राहिली. "प्रमोदिनी!" तो जरा मोठ्यानं म्हणाला. नळ बंद झाला, पण कुणी आलं नाही. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा रेवती ओल्या हातांनी दारात आली आणि आधी बाहेरच्या दाराकडे, मग जिन्याकडे बघायला लागली.

"कोण आलंय?" तिनं विचारलं. "कुणाला बोलावतोयस?"

"तुला," हरीश म्हणाला. "जरा हे टोक धर."

ती क्षणभर उभीच राहिली. मग तिनं हात ओढणीला पुसून कोरडे केले, समोरची खुर्ची ओढली आणि टोक धरलं.